कळलावी घरच्या बागेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पाऊस झाला की कळलावीबद्दल विचारणा सुरू होते. निम्मे प्रश्न कंद कसा लावायचा याचे असतात, उरलेले विषाचे. खरं तर हे दोन्ही विषय एकच आहेत, कारण जो भाग लावायचा तोच सर्वांत विषारी आहे. फुलाला लोक जपून हात लावतात. दुर्लक्ष होतं ते वेल वाळून गेल्यावर, मातीत किंवा डब्यात पडून असलेल्या कंदांकडे. म्हणून खालच्या उत्तरांत फुलापेक्षा कंदाबद्दलच जास्त लिहिलं आहे.

कळलावी म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

ग्लोरिओसा सुपर्बा. पावसाळ्यात सह्याद्रीत, कोकणातल्या गडग्यांवर आणि देशावरच्या कुंपणांत दिसणारी वेल. फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या, कडेला चुणीदार. उमलताना हिरवट-पिवळ्या असतात आणि पुढच्या काही दिवसांत केशरी, मग लालभडक होतात. पानाचं टोक लांब होऊन गुंडाळतं आणि त्यानेच वेल आधार पकडते. ही खूण लक्षात ठेवली तर फूल नसतानाही वेल ओळखता येते.

अग्निशिखा आणि खड्यानाग ही हिचीच नावं. काही भागांत हिला बचनागही म्हणतात आणि तिथे घोटाळा होतो. आयुर्वेदातला बचनाग, म्हणजे वत्सनाभ, ही हिमालयातली वेगळी वनस्पती आहे. तीही जहाल विषारी, पण तिचं विष निराळं. दवाखान्यात सांगायची वेळ आली तर ‘बचनाग’ म्हणू नका, ‘कळलावी’ किंवा ‘ग्लोरिओसा’ म्हणा.

ती खरंच इतकी विषारी आहे का?

हो. हिच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन असतं, कंदात आणि बियांत जास्त. पेशीचं विभाजन होताना तिच्या आत सूक्ष्म नलिकांची एक चौकट उभी राहते. कोल्चिसिन ती उभीच राहू देत नाही. त्यामुळे शरीरात जिथे पेशी सतत नव्याने तयार होतात तिथे पहिला घाव बसतो: आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं.

हेच कोल्चिसिन अगदी मोजक्या मात्रेत गाऊटच्या (सांधे सुजवणाऱ्या एका वाताच्या) रुग्णांना गोळीतून देतात. 1937 पासून वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट करायलाही ते वापरलं जातं. बिनबियांचं कलिंगड त्यातूनच आलं. पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत इथे अंतर फार थोडं आहे आणि कंदात कोल्चिसिन किती आहे ते बघून किंवा चाखून कळत नाही. उकडल्याने किंवा वाळवल्याने ते जातही नाही. ‘शिजवलं की विष मरतं’ हा अळू-सुरणाचा अनुभव इथे लागू करू नका.

मग घरी लावावी का?

बहुतेक घरांत लावता येते. कण्हेर, धोतरा, डिफेनबॅकिया आपल्या अंगणात आणि बाल्कनीत असतातच. फरक इतकाच की कळलावीचा कंद खाण्यासारखा दिसतो.

मी स्पष्ट ‘नको’ म्हणेन ते या घरांना: रांगणारं किंवा सगळं तोंडात घालणारं मूल असेल, माती उकरायची सवय असलेला कुत्रा असेल, अंगणात शेळ्या-वासरं मोकळी फिरत असतील, किंवा स्मृतिभ्रंश झालेली वयस्कर व्यक्ती असेल. अशा घरांनी पाच-सहा वर्षं थांबावं. वेल कुठे पळून जात नाही.

आणखी एक. त्याच बागेत रताळी, कोनफळ, आंबेहळद असे कंद लावत असाल तर कळलावी त्या वाफ्यात कधीही लावू नका, शेजारच्याही नाही. ती स्वतंत्र कुंडीतच हवी. श्रीलंका आणि दक्षिण भारतात हा कंद खाण्याचा समजून शिजवल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

कंद कुठून आणायचा? जंगलातून आणला तर?

जंगलातून नको. राखीव वनातून कंद उकरणं हा वनकायद्याने गुन्हा आहे आणि औषधी व्यापारासाठी आधीच भरपूर उकरली जाणारी ही वेल आहे. शिवाय लोक फूल बघून भर श्रावणात कंद उपटतात. त्या वेळी जुना कंद संपत आलेला असतो, नवा भरलेला नसतो, वेल तर मान टाकतेच. म्हणजे डोंगरावरची गेली आणि कुंडीतली जगली नाही.

एप्रिल ते जून या काळात चांगल्या रोपवाटिकेतून निद्रिस्त कंद घ्या, किंवा ज्यांच्याकडे वेल आहे त्यांच्याकडून. ऑनलाइन मागवलात तर पार्सल घरी कोण उघडणार याचा आधी विचार करा. अशी पार्सलं बरेचदा नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून येतात, त्यावर विषारी असल्याचा शब्दही नसतो.

चांगला कंद कसा ओळखायचा?

कंद इंग्रजी व्ही किंवा एल अक्षराच्या आकाराचा असतो. दोन भुजा, फिकट तपकिरी साल, आतून पांढरा. दाबल्यावर टणक लागला पाहिजे. सुरकुतलेला चालेल, मऊ किंवा ओलसर वास येणारा नको.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे टोक. बटाट्याला डोळे सगळ्या अंगावर असतात, कळलावीच्या कंदाला फक्त भुजेच्या टोकाला. एका भुजेला एकच डोळा. ते टोक मोडलं तर उरलेला कंद कितीही जाडजूड असो, त्यातून काही उगवत नाही. भुजा ठिसूळ असतात, पिशवीत आपटल्या तरी मोडतात. विकत घेताना दोन्ही टोकं नीट बघा.

पेन्सिलीएवढी बारीक भुजा असेल तर पहिल्या वर्षी बहुधा नुसती पानंच येतील. व्यापारी लागवडीत 50-60 ग्रॅमचे कंद निवडतात ते फुलांसाठी आणि बियांसाठीच.

एका कंदाचे दोन कसे होतात? कापून लावता येतो का?

कळलावी बहुवर्षायू आहे, पण तिचा कंद दरवर्षी नवा असतो. लावलेला कंद वेल वाढवताना आपला साठा खर्च करून आक्रसून जातो आणि त्याच हंगामात वेलीच्या बुंध्याशी नवा, बहुधा दोन भुजांचा कंद तयार होतो. दोन्ही डोळे फुटले तर दोन वेली आणि मोसमाअखेर दोन कंद. घरच्या बागेला वाढीचा हा वेग पुरेसा आहे.

दोन भुजा जिथे जुळतात तिथे वेगळ्या केल्या तर दोन्ही स्वतंत्र लावता येतात. त्यासाठी कंद निद्रिस्त असावा, दोन्ही टोकं शाबूत असावीत आणि सुरी बागेचीच असावी. जखमेवर राख किंवा बुरशीनाशक पूड लावून दोन दिवस सावलीत सुकू द्या. माझं मत विचाराल तर मुद्दाम कापू नका. न कापताही दोन वेली येतातच, मग त्या रसाशी खेळायचं कशाला?

भुजेचे आडवे तुकडे करून मात्र काहीच मिळत नाही, नुसते विषारी तुकडे पडतात.

कधी लावायचा?

मेअखेर ते जूनचा दुसरा आठवडा. उष्णता हवी आणि ओल नुकती सुरू झालेली हवी. कोंब दोन-तीन आठवड्यांत वर येतो, कधी महिनाही घेतो. उकरून बघू नका, कोंब काचेसारखा तुटतो आणि तुटला की बहुतेकदा त्या डोळ्याचं ते वर्ष गेलं. फुलं साधारण जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत.

कुंडी आणि माती कशी हवी?

किमान 12 इंच खोल कुंडी, खाली मोठी भोकं. पोयटा माती, जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत सारख्या भागात. काळी चिकण माती वापरू नका. कळलावी मरते ती बहुतेक वेळा कंद कुजूनच. कोकणात आणि घाटमाथ्यावर आषाढभर कुंडी पागोळ्यांखाली अजिबात ठेवू नका. उन्हाचं म्हणाल तर वेलीला डोक्यावर ऊन आणि मुळाशी सावली आवडते.

प्रत्यक्ष लावताना काय काळजी घ्यायची?

हातमोजे घाला. स्वयंपाकघरातले नकोत, बागेसाठी वेगळे ठेवलेले रबरी. हाताला कापलेलं, चिरलेलं असेल तर ते काम दुसऱ्या दिवशी करा. रसाने काहींच्या त्वचेची आग होते आणि खरा धोका तो हात तोंडाला किंवा डोळ्याला लागण्याचा आहे. काम चालू असताना चहा, पान, विडी, तंबाखू काही नको. बागेत मदतीला येणाऱ्या माणसाला हे आधी सांगा. कंद हाताळता हाताळता तंबाखू मळणं ही कल्पनेतली गोष्ट नाही, रोजची सवय आहे.

कंद आडवा ठेवा, डोळा किंचित वर, त्यावर पाच ते सात सेंटिमीटर माती. टोक कुंडीच्या भिंतीला टेकलेलं नको. बुरशीची भीती वाटत असेल तर लावण्यापूर्वी कंद कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या सौम्य द्रावणात, लिटरला एक ग्रॅम, अर्धा तास बुडवतात. बादली मात्र त्यानंतर आंघोळीला वापरायची नाही.

मग लगेच पाटी लावा. ‘कळलावी. विषारी. कंद खाऊ नये.’ शेजारी कवटीचं चित्र काढा, कारण वाचता न येणारी माणसंही बागेत वावरतात. कागद पहिल्याच पावसात जातो. पत्र्यावर किंवा कुंडीवरच ऑइलपेंटने लिहिलेलं टिकतं. शेवटी हत्यारं आणि हात साबणाने धुवा. गळालेला प्रत्येक तुकडा उचला.

आधार कसला द्यायचा?

पानाचं टोक बारीक वस्तूभोवतीच गुंडाळलं जातं, त्यामुळे जाड बांबू एकटा उपयोगाचा नाही. बांबूला सुतळीची जाळी बांधा, किंवा डाळिंबाच्या, मेंदीच्या वाळक्या काटक्या रोवा. आधार कंद लावतानाच रोवायचा, नंतर रोवलेली काठी नेमकी कंदात जाते. वेल दीड ते तीन मीटर चढते. जिन्याच्या कठड्यावर चढवू नका, तिथे येताजाता मुलांच्या हाताशी येते.

पाणी-खत?

पावसाने उघडीप दिली तरच पाणी. कळ्या दिसेपर्यंत पंधरवड्यातून एकदा पातळ शेणखताचं पाणी किंवा पोटॅश जास्त असलेलं खत. नत्र फार दिलं तर पानं माजतात.

बियांपासून रोपं करता येतात का?

येतात, पण घाई असणाऱ्याचं हे काम नाही. ताज्या बिया लगेच रुजत नाहीत. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, वाळू-कोकोपीटमध्ये एक सेंटिमीटर खोल पेरा. उगवण तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत कधीही आणि वेगवेगळी होते. ट्रे फेकून देऊ नका. पहिल्या वर्षी गवतासारखं रोप आणि इवलासा कंद. फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी.

अडचण अशी की बी कंदाइतकंच घातक असतं आणि भिजवलेल्या बिया वाटीत ओट्यावर ठेवायची आपल्याला सवय आहे. मेथी, मटकी, मूग असंच भिजतं ना! बिया भिजवायच्या तर झाकणाच्या, नाव लिहिलेल्या बाटलीत आणि स्वयंपाकघराबाहेर. फक्त दोन-चार वेलीच हव्या असतील तर बियांच्या वाटेला जाऊ नका.

शेंगा धरत नाहीत. काय करावं?

काहीच नाही, ते तुमच्या सोयीचंच आहे. या फुलातला स्त्रीकेसर बुडाशीच काटकोनात वळून बाजूला जातो, त्यामुळे स्वतःचे पराग सहज त्यावर पडत नाहीत. रानात हे काम फुलपाखरं आणि शिंजीर करतात. तमिळनाडूत धारापुरम, मूलनूर, ओट्टनछत्रम, वेदारण्यम या पट्ट्यात बियांसाठी हिची शेती होते. तिथे मजूर एकेका फुलाला हाताने पराग लावतात. (तिथलं ते राज्यफूलही आहे.) घरी हा खटाटोप कशाला?

उलट, शेंग धरलीच तर हिरवी असताना काढून टाका. पिकून तडकली की आत केशरी-लाल मण्यांसारख्या बिया दिसतात आणि लहान मुलाला त्याहून मोहक काही नाही. शेंग काढल्याने वेलीची ताकदही कंदाकडे वळते.

एका रात्रीत पानं फस्त झाली. कोण खातं? विषारी आहे ना?

आपल्याला विषारी, तिला नाही. पॉलिटेला ग्लोरिओसी नावाच्या पतंगाची ही अळी आहे: काळी, अंगावर पांढरे आणि लालसर-केशरी ठिपके. कळलावी हे तिचं आवडतं खाद्य. दोन-तीन दिवसांत वेलीचा सांगाडा करते. रोज संध्याकाळी पानांची खालची बाजू बघा आणि अळ्या चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाका. वेल मोठी असेल आणि मन मोठं असेल तर थोड्या राहू द्या, पतंगही सुरेख असतो.

फुलं देवाला वाहिली, फुलदाणीत ठेवली तर चालतं?

कोकणात गौरी-गणपतीच्या दिवसांत रानफुलांबरोबर कळलावीही घरात येते. नुसत्या फुलाजवळ बसून विष चढत नाही. मात्र नैवेद्याच्या ताटाला, दूर्वांच्या जुडीला आणि तीर्थाच्या भांड्याला ती लागू देऊ नका. पंचामृतात चुकून पाकळी पडायला वेळ लागत नाही. फुलदाणीतलं पाणी मोरीत ओता, मांजराच्या वाटेत ठेवू नका. फूल फक्त देठासकट तोडा. वेलीचा लांब तुकडा पानांसकट तोडलात तर पुढच्या वर्षीचा कंद बारीक होतो.

घरात लावली की भांडणं होतात म्हणतात…

नवी वेल कुठे ठेवायची यावरून होतील तेवढीच. पण घरातली मोठी माणसं या समजुतीपायी तिला चार हात लांब ठेवत असतील तर त्यांना पटवायला जाऊ नका. परिणाम चांगलाच होतो आहे.

बाळंतपणासाठी, संधिवातासाठी, उवांसाठी कंद वापरतात. घरी करता येईल?

नाही. पोटातून नाही, लेप म्हणून नाही, डोक्याला लावायला नाही. आयुर्वेदात ही उपविषांत मोजलेली, म्हणजे शोधन (विष कमी करायची प्रक्रिया) केल्याशिवाय वापरायचीच नाही अशी वनस्पती आहे. कळा लवकर याव्यात म्हणून किंवा गर्भपातासाठी हा कंद देण्याची जुनी रीत बायकांच्या जिवावर बेतणारी आहे. कुणी कंद मागायला आलं तर देऊ नका.

वेल पिवळी पडून वाळली. मेली का?

दिवाळीच्या आसपास असं होत असेल तर ती निजायला निघाली आहे. पाणी थांबवा. वेल पिवळी असेपर्यंत कापू नका, त्या पानांतला उरलासुरला जोर कंदात उतरतो आहे. पूर्ण वाळली की बुंध्याशी कापा. श्रावणातच पिवळी पडली तर मात्र कंद कुजतोय, कुंडी पावसातून हलवा.

उन्हाळाभर कंद कसे सांभाळायचे?

शक्य असेल तर काढूच नका. वाळलेली कुंडी पाटीसकट पडवीच्या कोपऱ्यात, पाऊस आणि पाणी लागणार नाही अशी ठेवा आणि जून येईपर्यंत विसरा. कंद हाताळायचा नाही, साठवायचा नाही, कुणाच्या नजरेलाही पडायचा नाही. फक्त एवढं बघा की रिकामी दिसणारी कुंडी समजून कुणी त्यात कोथिंबीर पेरत नाही. हे फार घडतं. कुंडीवरचं लिखाण याच महिन्यांसाठी असतं.

दोन-तीन वर्षांनी गर्दी झाली की डिसेंबर-जानेवारीत कुंडी जुन्या चादरीवर उपडी करा आणि हाताने माती मोकळी करा. खुरप्याने भुजा मोडतात. कंद सावलीत सुकवा, मग कोरड्या वाळूत किंवा लाकडाच्या भुशात, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. डब्यावर नाव, ‘विषारी’ आणि कंदांची संख्या लिहा. जूनमध्ये उघडताना ती जुळली पाहिजे.

डब्याची जागा: अवजारांची कुलूपबंद पेटी. स्वयंपाकघर, कांद्या-बटाट्याची टोपली, फ्रिज, माळ्यावर बेगमीच्या सामानाजवळ यांपैकी काहीही नाही. सोललेला कंद आणि सोललेलं रताळं घाईत वेगळं ओळखता येईल असा भरवसा कुणी देऊ नये.

वाळलेली वेल आणि खराब कंद कुठे टाकायचे?

जनावरं उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुरा. उकिरड्यावर नको, चाऱ्यात नको. भाजीच्या वाफ्यात जाणाऱ्या कंपोस्टमध्येही कंद आणि बिया टाकू नका, जिवंत डोळा असेल तर पुढच्या पावसात तिथेच उगवेल.

कुणाच्या पोटात गेलं असेल तर?

लक्षणांची वाट बघू नका. ती दोन तासांत दिसतील किंवा बारा तासांनी: तोंडाची-घशाची आग, मळमळ, उलट्या, पोटात मुरडा, पाण्यासारखे आणि पुढे रक्ताचे जुलाब. तोपर्यंतचा वेळ हाच हाताशी असलेला वेळ आहे.

तोंडातले तुकडे काढा, चूळ भरायला लावा. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. दूध, तूप, लिंबू असले उतारे करण्यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा किंवा थेट अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या टोल-फ्री क्रमांकावर सल्ला देतं. सोबत पिशवीत घालून वेलीचा तुकडा, कंद किंवा फोटो न्या, किती आणि केव्हा खाल्लं ते सांगा आणि ‘कोल्चिसिन’ हा शब्द उच्चारा. सगळ्याच डॉक्टरांनी ही वेल पाहिलेली नसते.

उलट्या-जुलाब थांबले की माणूस सावरला असं वाटतं आणि नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. तसं करू नका. रक्तपेशी घटणं, मूत्रपिंड आणि हृदयावरचा परिणाम हे त्यानंतरच्या दिवसांत दिसतं. यावर सहज मिळणारा उतारा नाही, उपचार म्हणजे सलाइन, देखरेख आणि अवयवांना आधार. वाचलेल्यांचे केस दोन-तीन आठवड्यांत गळू शकतात, ते पुढे परत येतात.

कुत्रा-मांजर असेल तर हीच घाई पशुवैद्याकडे नेण्याची करा.

परदेशात लावता येईल का?

थंड देशांत काचघरात किंवा खिडकीत, थंडीत कंद घरात आणून. ऑस्ट्रेलियात मात्र नको. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांत ती बेसुमार पसरली आहे आणि तिथे ती तणातच गणली जाते. भारतातून सामानात कंद नेऊ नका, विमानतळावर जप्त होतील.

मैत्रिणीला कंद द्यायचा आहे. कसा देऊ?

सुटा देऊ नका. छोट्या कुंडीत लावून, कुंडीवर नाव आणि ‘विषारी’ लिहून, जुलैत कोंब वर आल्यावर द्या. घरात मूल किंवा जनावर आहे का ते आधी विचारा. सोसायटीतलं घर बदलत असाल तर बाल्कनीतली ‘रिकामी’ कुंडी मागे सोडून जाऊ नका. नव्या भाडेकरूला त्यातलं काय माहीत असणार? सोबत न्या किंवा कंद काढून पुरा.